एमएस्सी मायक्रोबायोलॉजीनंतर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर संशोधन करायचंय, फुफ्फुसाचा कोणता आजार निवडू?

टीबी. न्यूमोनियाही महत्त्वाचा, पण भारतात कामाचा डोंगर इथेच आहे.

टीबीवरचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन निकामी होतं ते बहुतेकदा आरपीओबी या एकाच जनुकाच्या 81 डीएनए-अक्षरांच्या तुकड्यातल्या बदलांमुळे. म्हणून तर जीनएक्स्पर्ट यंत्र थुंकीवरून दोनेक तासांत सांगतं. टीबीवरच्या नव्या बेडाक्विलिन औषधाचं तसं नाही, तिथले बदल वेगवेगळ्या जनुकांत विखुरलेले. नव्या माणसाला वाव आहे तो तिथे.

आयसीएमआर किंवा सीएसआयआरची जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) काढा, चेन्नईच्या एनआयआरटी या टीबी संशोधन संस्थेत चौकशी करा. संयम मात्र हवा. आतड्यातला ई. कोलाय जंतू 20 मिनिटांत दुप्पट होतो, टीबीचा जंतू साधारण 20 तास घेतो. प्लेटवर वसाहती दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तोवर शेजारच्या लॅबवाल्यांचे चार प्रयोग उरकलेले असतात!