‘संत अंतोनीची प्रार्थना’ की ‘संत अंतोनीला विनंती’?

भुसावळहून एका ताईंचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा:

“आमचं फ्लेक्स-छपाईचं दुकान आहे. रेल्वे कॉलनीतल्या एका कॅथलिक कुटुंबाने १३ जूनच्या सणासाठी मजकूर दिला. पहिल्या ओळीत ‘संत अंतोनीची प्रार्थना’, मधे मोठ्या अक्षरात ‘संत अंतोनी, आम्हांसाठी विनंती कर’ आणि खाली ‘संतांच्या मध्यस्थीने’. दुकानात डिझाइन करणारा मुलगा नवापूरकडचा, तोही ख्रिस्तीच. पण तो म्हणाला, ‘मॅडम, मध्यस्थ एकच आहे, येशू. संतांना प्रार्थना करायची नसते.’ मग हे लोक ती का करतात? आणि या तीन शब्दांतला बरोबर कोणता?”

ताई, सगळ्यात आधी पहिल्या ओळीतल्या ‘ची’कडे बघा. आपण ‘देवाची प्रार्थना’ म्हणतो तेव्हा ती देवाला उद्देशून केलेली असते. ‘आजीची प्रार्थना’ म्हटलं की मात्र ती आजीने केलेली असते. प्रत्यय तोच, अर्थ उलटा. आपण देवाकडे मागतो आणि आजी आपल्यासाठी मागते हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून गोंधळ होत नाही. संत मात्र या दोघांच्या मधोमध आहेत. ‘संत अंतोनीची प्रार्थना’ ही त्यांना केलेली की त्यांनी केलेली? फ्लेक्स वाचणारे दहापैकी नऊ जण पहिला अर्थ घेतील. कॅथलिक श्रद्धेत भर आहे तो दुसऱ्यावर: अंतोनीने देवाजवळ आपल्यासाठी प्रार्थना करावी. त्यांची सगळी मागणी त्या मधल्या ओळीत आहे, आणि तुमच्या मजकुरातली सर्वांत नेमकी ओळही तीच आहे.

मी लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. शेजारी एक कॅथलिक मावशी राहायच्या. ऑक्टोबर हा त्यांच्यात जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडायची, सात-आठ बायका, दोन-तीन म्हातारे, दाराशी आम्ही पोरं. एकजण ‘नमो मारिया’ सुरू करायचा आणि उरलेला अर्धा भाग सगळे मिळून म्हणायचे. त्याचा शेवट ‘विनंती कर’ असा. दहा वेळा ते झालं की मण्यांचा एक टप्पा संपायचा, असे पाच टप्पे. मधेच मालगाडी धडधडत जायची, भिंतीवरची तसबीर हलायची, कुणाचंच काही ऐकू यायचं नाही. गाडी पुढे गेली की आवाज परत सापडायचा तो बहुतेक वेळा त्याच दोन शब्दांवर: विनंती कर. सहावीत असताना मी मावशींना विचारलं होतं, “विनंती तर अर्जात असते ना?” शाळेत तेव्हा ‘तरी दोन दिवसांची रजा मंजूर करावी ही नम्र विनंती’ घोटून घेत होते. मावशी म्हणाल्या, “मग हाही अर्जच आहे बाळा. फक्त आईच्या हाताने द्यायचा.”

त्या बोलण्याचं मोल मला शब्दकोश चाळायला लागल्यावर कळलं. ‘विनंती’ हा शब्द संस्कृत ‘विज्ञप्ति’पासून प्राकृतातल्या ‘विण्णत्ति’मार्गे आला. मुळात अर्थ ‘जाणवून देणे, कानावर घालणे’. पेशवाईतल्या पत्रांचा मायना आठवा, ‘नमस्कार विनंती विशेष’. तिथे मागण्याआधी कळवणं आहे. वडीलधाऱ्याच्या कानावर गोष्ट घालायची, पुढचं त्याने ठरवायचं. मागण्याचा अर्थ त्यावर नंतर चढत गेला.

आता बायबलमधली, योहानच्या शुभवर्तमानातली काना गावच्या लग्नाची गोष्ट बघा. मरियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मध्यस्थीबद्दल बोलताना कॅथलिक लोक हमखास इथे येतात. लग्नात द्राक्षारस संपला. यजमानाची फजिती होणार. ते मरियेच्या लक्षात आलं आणि ती येशूला एवढंच म्हणाली, “त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही.” पुन्हा वाचा ताई. यात ‘दे’ नाही, ‘कर’ नाही, ‘माझ्यासाठी एवढं ऐक’ नाही. नुसतं कानावर घातलं. मग चाकरांना सांगितलं, “तो तुम्हांला जे काही सांगेल ते करा,” आणि बाजूला झाली. ही अगदी मुळातली विज्ञप्ति झाली. प्रार्थनेचा मराठी तर्जुमा करणाऱ्यांनी ही व्युत्पत्ती मनात धरून शब्द निवडला असं मी म्हणणार नाही. पण शब्द बसला आहे तो असा बसला आहे.

खानदेशी घरात हे समजायला कठीण जाऊ नये. बापाशी थेट बोलायची हिंमत नसलेलं पोरगं चुलीपाशी जाऊन म्हणतं, “माय वं, आबाले सांग ना.” पोराला माहीत असतं की पैसे आबाच देणार. मायशी बोललं म्हणून आबाचा मान कमी होत नाही. मुक्ताईनगरहून पालखी पंढरपूरला निघते तेव्हा ज्यांना जाणं जमत नाही ते वारकऱ्याला म्हणतात, “पांडुरंगाला आमचा दंडवत सांगा.” दंडवत वारकऱ्याला नसतो, पांडुरंगाला असतो.

कॅथलिकांचं म्हणणं याच जातीचं आहे, फक्त ते एक पाऊल पुढे जातात. ख्रिस्ती माणूस शेजाऱ्याला सहज म्हणतो, “आईचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा.” याला कुठल्याच पंथाची हरकत नाही. याकोबच्या पत्रात नीतिमानाची प्रार्थना फार प्रबळ असते असं म्हटलंच आहे. मग तोच शेजारी वारला तर? कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात की ख्रिस्तात मेलेला माणूस देवाजवळ जिवंत आहे, आपल्याहून देवाच्या जवळ आहे, आणि त्याचं आपल्यावरचं प्रेम मरणाने आटत नाही. म्हणून कालपर्यंत त्याला जे सांगत होतो ते आजही सांगायचं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असं चित्र आहे. त्या वाट्या देवापुढे कुणीतरी धरलेल्या आहेत, हे ते आवर्जून दाखवतात.

ही चाल जुनी आहे. रोममध्ये आप्पिया रस्त्यावर संत सेबास्तियन यांच्या नावाचं भुयारी दफनस्थान आहे. तिथल्या भिंतीवर तिसऱ्या शतकातल्या साध्यासुध्या भाविकांनी टोकदार वस्तूने ओरखडून ठेवलेल्या ओळी आहेत. येशूच्या दोन प्रेषितांना उद्देशून लिहिलेली त्यातली एक लॅटिन ओळ मराठीत अशी होईल: ‘पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी मागा.’ ‘व्हिक्टरला द्या’ असं तिथे नाही. सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने निवडलेलं क्रियापद आणि तुमच्या फ्लेक्सवरचं क्रियापद एकाच घरातली आहेत.

हा क्रियापदाचा भेद त्यांच्या उपासनेत फार काटेकोरपणे पाळला जातो. संतांच्या नावांची लांबलचक माळ म्हणतात तेव्हा सुरुवातीला देवाचं नाव येतं आणि लोकांचा प्रतिसाद असतो, ‘आम्हांवर दया कर’. मग मरिया, पेत्र, पौल, अंतोनी अशी नावं सुरू झाली की प्रतिसाद बदलतो, ‘आम्हांसाठी विनंती कर’. लॅटिनमध्येही तसंच, ‘मिझेरेरे नोबिस’ आणि ‘ओरा प्रो नोबिस’. दया करणं संताच्या हातात नाही, म्हणून ते क्रियापद त्याला लावायचंच नाही. संत कुठे बसतो याचं उत्तर मला धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथापेक्षा या दोन क्रियापदांत जास्त स्वच्छ दिसतं. इ.स. ७८७च्या नायसिया इथल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने आराधना फक्त देवाची आणि संतांना आदराचं वंदन असा भेद सांगितला, आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये संतांची विनंती मागणं चांगलं व उपयुक्त आहे असं ठरवलं. सामान्य भाविकाला ही सालं ठाऊक नसतात. क्रियापद मात्र त्याच्या तोंडात बसलेलं असतं.

आता तुमच्या दुकानातल्या मुलाकडे वळू, कारण त्याचं म्हणणं पोकळ नाही. तो पौलाचं वचन सांगतो आहे, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, दुसरा अध्याय, पाचवी ओवी: देव आणि मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, ख्रिस्त येशू. नवापूर-नंदुरबारकडच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या आहेत, त्यांत संतांना हाक मारायची रीत नाही. १५३०च्या आउग्सबुर्गच्या कबुलीतच, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीर निवेदनातच, धर्मसुधारक लूथरच्या अनुयायांनी मांडलं होतं की संतांची आठवण ठेवावी, त्यांच्यासारखं वागावं, पण त्यांच्याकडे मदत मागायला शास्त्र शिकवत नाही. मेलेल्या भक्ताला हाक मारा अशी आज्ञा बायबलमध्ये दाखवा, हा त्यांचा सवाल सरळ आहे आणि त्यामागे ख्रिस्तावरची अनन्य निष्ठा आहे. शब्दांची चर्चा करून तो सवाल मिटत नाही, मला तो मिटवायचाही नाही.

पण त्या वादाचा एक भाग निखळ मराठीचा आहे, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पाचव्या ओवीत मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेसितेस’, दोन पक्षांच्या मधे उभा राहून करार घडवणारा. त्याच अध्यायाच्या पहिल्या ओवीत, म्हणजे चारच ओव्या आधी, पौल सगळ्या माणसांसाठी प्रार्थना, विनवण्या करायला सांगतो. तिथे दुसऱ्यासाठी अर्ज घेऊन जाण्याचा शब्द आहे ‘एन्तेव्क्सिस’. दोन्हींचं मूळ वेगळं, काम वेगळं. पहिलं काम एकट्या ख्रिस्ताचं. दुसरं प्रत्येक ख्रिस्ती माणसाने करायचं. लॅटिनमध्येही ‘मेदियातोर’ आणि ‘इंतेरचेदेरे’ असे दोन निराळे शब्द आहेत. मराठीत मात्र आपण दोन्हीकडे ‘मध्यस्थ’ आणि ‘मध्यस्थी’ वापरतो. मग ‘मध्यस्थ एकच’ हे वाचलेल्या माणसाला ‘संतांच्या मध्यस्थीने’ खटकणारच. ग्रीकमध्ये ज्या दोन शब्दांची गाठ पडली नसती, ते मराठीत एकमेकांवर आदळतात.

शिवाय ‘मध्यस्थ’ हा शब्द आपल्याकडे कसा जगतो ते बघा. रावेरला केळीचा भाव ठरतो, लग्नाची बोलणी होतात, भाऊबंदकीत बांध कोरला जातो, सगळीकडे मध्यस्थ असतो. त्याने दोन्हीकडून सारख्या अंतरावर राहावं अशी अपेक्षा असते. एका बाजूला झुकला की लोक म्हणतात, हा कसला मध्यस्थ. संत तर उघड उघड आपल्या बाजूचा, आपल्याच बाकावरून उठून बोलणारा. त्याच्यासाठी ‘कैवारी’ किती छान होता. पण तो मराठी बायबलने आधीच ख्रिस्तासाठी आणि पवित्र आत्म्यासाठी वापरला आहे, तेव्हा तो त्यांच्याकडेच राहू द्यावा.

बाकीचे शब्द पटकन. ‘वशिला’ अरबीतून आला, मूळ अर्थ जवळ पोचण्याचं साधन इतकाच आहे. पण आजच्या मराठीत वशिला म्हणजे हक्क नसलेल्याला आत घुसवणं, म्हणून तो इथे चालणार नाही. ‘शिफारस’ फारसीतून आला, त्याला ऑफिसचा वास. ‘रदबदली’ मला आवडतो, पण तो शिक्षा टाळण्यापुरता उरला आहे. ‘नवस’ मुळीच नको. नवसात ‘तू हे दे, मी ते फेडीन’ अशी बोली असते, विनंतीत ती नसते.

एक गोष्ट राहून जाते आहे. ‘संत’ आणि लॅटिन ‘सांक्तुस’ हे ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण नात्याचे नाहीत. आपला संत ‘सत्’पासून, म्हणजे जो आहे, जो खरा आहे. त्यांचा सांक्तुस ‘पवित्र म्हणून मुक्रर केलेला’. उच्चार जुळले हा योगायोग, आणि मराठी कॅथलिकांना त्यामुळे ज्ञानेश्वर-मुक्ताईंच्या पंगतीतला शब्द आयता मिळाला. मराठी बायबल मात्र बहुतेक ठिकाणी ‘पवित्र जन’ म्हणतं.

आणि ‘प्रार्थना’? त्यातला ‘अर्थ्’ हा धातू मागण्याचा आहे. जुन्या अर्थाने राजाला, गुरूला, मित्रालाही प्रार्थना करता येत असे. लग्नपत्रिकेत ‘उपस्थितीची प्रार्थना’ अजून कधीकधी दिसते. त्या अर्थाने ‘संताला प्रार्थना’ व्याकरणात चुकीची नाही. पण आज प्रार्थना म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवच येतो, आणि तुमच्या मुलाच्या मनात हरकत उभी राहते ती तिथे.

तेव्हा फ्लेक्ससाठी माझं मत असं. त्या कुटुंबाला विचारूनच बदल करा, कारण मजकूर त्यांचा आहे आणि श्रद्धाही त्यांची. पहिल्या ओळीत ‘संत अंतोनीची प्रार्थना’ऐवजी ‘संत अंतोनीला विनंती’. मधली ओळ आहे तशीच, ‘आम्हांसाठी’वरचा अनुस्वार जपून, आणि ‘करा’ नको, ‘कर’च ठेवा. देवाला, आईला आणि संताला मराठी माणूस ‘तू’च म्हणतो. शेवटची ओळ ‘संतांच्या विनंतीने, ख्रिस्ताच्या कृपेने’ अशी केली, तर नवापूरच्या मुलालाही ती अक्षरं जुळवताना निदान अर्ध्या ओळीवर मनापासून आमेन म्हणता येईल.