बलाढ्य विद्यापीठांनी एचबीसीयू संघांशी फुटबॉलचे सामने ठेवावेत का?

ओहायो स्टेट, एलएसयू (लुईझियाना स्टेट) किंवा नोटर डेम यांच्यासारख्या बलाढ्य विद्यापीठांनी कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांशी, म्हणजे एचबीसीयूंशी, फुटबॉलचे सामने ठेवावेत का, आणि निकाल ७६-० असा लागणार असेल तर त्यात कोणाचे भले होते, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘ठेवावेत’ असे आहे, पण ते सरसकट नाही. लहान विद्यापीठाने एका हंगामात असा एकच सामना घ्यावा, तो शक्यतो त्याच राज्यातील शेजाऱ्याशी असावा आणि त्यातून मिळणारा पैसा कोणी उपकार म्हणून मिरवू नये, या अटींवरच मी हे म्हणतो.

हा आपला फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल आहे, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या संस्थांना १९६५ च्या अमेरिकन कायद्याने एचबीसीयू ही ओळख दिली आणि आज अशा सुमारे शंभर संस्था आहेत. त्यांतील मोठे फुटबॉल संघ ‘एफसीएस’ या दुसऱ्या पातळीवर खेळतात, तर ओहायो स्टेट व एलएसयू ‘एफबीएस’ या वरच्या पातळीवर. अगदी अलीकडेपर्यंत वरच्या पातळीवरील संघाला ८५ आणि खालच्या पातळीवरील संघाला ६३ शिष्यवृत्त्या देता येत असत, आणि तेवढ्या देण्याइतका पैसाही अनेक एचबीसीयूंकडे नसे. कुस्तीच्या फडात वस्ताद अशी जोड लावणार नाही. येथे मात्र ती पैशासाठी लागते.

व्यवहार सरळ आहे. मोठ्या विद्यापीठाला घरच्या मैदानावर आणखी एक सामना मिळतो, लाखभर तिकिटे खपतात आणि विजय जवळजवळ खिशात असतो. शिवाय हंगामाच्या शेवटी होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांसाठी जे सहा विजय लागतात, त्यांत एफसीएस संघावरील एक विजय धरता येतो. त्या बदल्यात पाहुण्या संघाला ठरलेली रक्कम दिली जाते, जिला तिकडे ‘गॅरंटी’ म्हणतात. २०१३ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम ओहायो स्टेटकडून ७६-० असे हरले, तेव्हा त्यांना ९ लाख डॉलर मिळाले. अशा विद्यापीठात त्या पैशावर केवळ फुटबॉल चालत नाही. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा प्रवासखर्च किंवा धावपटूंच्या शिष्यवृत्त्याही त्याच खात्यातून निघतात. म्हणूनच ‘आत्मसन्मान असेल तर त्यांनी जाऊच नये’ हा सल्ला मला बाहेरून देणाऱ्याच्या सोयीचा वाटतो.

तरीही हा व्यवहार कोठे बिघडतो, ते सव्हाना स्टेटच्या उदाहरणावरून दिसते. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जियातील या छोट्या विद्यापीठाने पहिल्या शनिवारी ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० असा मार खाल्ला आणि पुढच्याच शनिवारी ते फ्लोरिडा स्टेटच्या मैदानात उतरले. या दुसऱ्या सामन्यात सट्टेबाजांनी फ्लोरिडा स्टेटला सत्तरहून अधिक गुणांनी झुकते माप दिले होते. एकतर्फी खेळ लवकर आटोपावा म्हणून घड्याळ न थांबवता तो पुढे चालवला गेला, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये विजांमुळे ५५-० वर संपवावा लागला. दोन शनिवारांचे मिळून ८ लाख ६० हजार डॉलर आले. त्या वर्षीचे हिशेब त्याने जुळले असतील, पण संघ उभा राहिला नाही, आणि २०१९ मध्ये सव्हाना स्टेट तिसऱ्या पातळीवर, डिव्हिजन टूमध्ये, परत गेले. मला यात ८४-० हा आकडा तितकासा खुपत नाही; लागोपाठ दोन आठवडे तीच मुले पुढे करण्याचा निर्णय खुपतो, आणि तो निर्णय ओक्लाहोमा स्टेट किंवा फ्लोरिडा स्टेटने नव्हे, सव्हाना स्टेटच्याच प्रशासनाने घेतला होता.

डेलावेअर स्टेटचे उदाहरण याहून बोलके आहे. २००९ मध्ये मिशिगनशी ठरलेला त्यांचा सामना आणि त्यांच्याच कॉन्फरन्समधील (म्हणजे दरवर्षी आपापसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातील) नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीशी असलेला सामना एकाच दिवशी आले. डेलावेअर स्टेटने कॉन्फरन्सचा सामना न खेळता सोडून दिला, तो पराभव म्हणून मांडून घेतला आणि साडेपाच लाख डॉलरसाठी मिशिगनला जाऊन ६३-६ असे हरून आले. ज्या स्पर्धेत जिंकण्याची खरी संधी होती तिच्यावर पाणी सोडून, जेथे संधीच नव्हती तेथे जाणे, याला मी खेळ म्हणणार नाही.

दुखापतींचा मुद्दा नेहमी पुढे येतो, आणि तो सांभाळून मांडावा लागतो. २०१५ मध्ये जॉर्जियाविरुद्ध सदर्न विद्यापीठाच्या एका खेळाडूच्या मानेला इतकी गंभीर इजा झाली की तो चालू शकेनासा झाला. पण ती टक्कर जॉर्जियाच्या किक मारणाऱ्या खेळाडूशी झाली होती, आघाडीच्या फळीतील एखाद्या दीडशे किलोच्या लाइनमनशी नव्हे. त्यामुळे बलाबलातील तफावतीचा पुरावा म्हणून ती घटना वापरणे मला पटत नाही. तफावतीचा खरा धोका संघ अपुरा असताना वाढतो. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर फ्लोरिडा ए अँड एमचे सुमारे वीस खेळाडू पात्रतेच्या कागदपत्रांत अडकले, आणि खेळायचे की नाही यावर खुद्द खेळाडूंना खल करावा लागला. ते खेळले आणि ५६-२४ असे हरले. त्या अवस्थेत २४ गुण काढणे मला अनेक विजयांहून मोठे वाटते, पण अशी निवड विशीतल्या मुलांवर सोडायला नको होती.

आता दुसरी बाजू. एलएसयू आणि सदर्न ही दोन्ही विद्यापीठे लुईझियानातील बॅटन रूज या एकाच शहरात आहेत. सदर्न तेथे १९१४ पासून आहे आणि एलएसयू तर एकोणिसाव्या शतकापासून फुटबॉल खेळते. तरीही दोन्ही संघ २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत एकदाही समोरासमोर आले नव्हते. एलएसयू ६५-१७ असे जिंकले. तो सामना मी मैदानात बसून पाहिला. एरवी मध्यंतर झाले की खाण्याच्या रांगेकडे धावणारी माणसे त्या दिवशी जागची हलली नाहीत, कारण सदर्नचा ‘ह्युमन ज्यूकबॉक्स’ हा बँड मैदानात येणार होता. (एचबीसीयूच्या सामन्यांत बँड हा निम्मा सामना असतो, हे अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला कळायला वेळ लागतो.) माझ्या पुढच्या रांगेत एक कुटुंब होते, त्यांतील दोघे एलएसयूच्या जांभळ्या टी-शर्टात आणि आजी सदर्नच्या निळ्या-सोनेरी पोशाखात. असा सामना पैशापलीकडे काही देतो, कारण प्रेक्षक दोन्हीकडचे आणि पैसा शहरातच फिरतो.

दोन्हींच्या बळातील हे अंतर मुळात निसर्गाने घातलेले नाही. दक्षिणेतील गोऱ्यांच्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले नाहीत तोवर उत्तम खेळाडू ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट व फ्लोरिडा ए अँड एम येथेच जात. १९६९ मध्ये प्रशिक्षक जेक गेथर यांच्या फ्लोरिडा ए अँड एमने गोऱ्यांच्या टॅम्पा विद्यापीठाला ३४-२८ असे हरवले होते. पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारे वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटमधून आणि जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटमधून आले. मोठ्यांची दारे उघडली, ते उचितच झाले, पण गुणवत्ता तिकडे गेली आणि पैसा आधीपासूनच तिकडे होता. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले की, १९८७ ते २०२० या काळात त्यांनी आपापल्या लँड-ग्रँट (केंद्राच्या जमीन-अनुदान कायद्यांखालील) एचबीसीयूंना, त्याच राज्यातील गोऱ्यांच्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या तुलनेने, एकूण १२०० कोटी डॉलरहून अधिक कमी दिले. त्यांत टेनेसी स्टेटचा वाटा सुमारे २१० कोटींचा. त्याच महिन्यात टेनेसी स्टेट नोटर डेमशी खेळून ५६-३ असे हरले आणि सुमारे १० लाख डॉलर घेऊन परतले. राज्याने न दिलेली रक्कम अशा सामन्यांतून उभी करायची तर एकवीसशे सामने लागतील. नोटर डेमचा यात दोष नाही, ते दुसऱ्या राज्यातील खासगी विद्यापीठ आहे. पण ‘आम्ही त्यांना मदत करतो’ असे कोणी म्हणाले की हा हिशेब मला आठवतो.

एचबीसीयू कधी जिंकतच नाहीत, असेही नाही. २०१७ मध्ये पंचेचाळीस गुणांनी कमी लेखलेल्या हॉवर्डने लास व्हेगासच्या यूएनएलव्हीला ४३-४० असे हरवले, आणि नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीने २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे केंट स्टेट, शार्लट व ईस्ट कॅरोलायना यांना त्यांच्याच मैदानांवर नमवले. यांतील कोणीही ओहायो स्टेटच्या तोडीचे नव्हते. त्यामुळे प्रशिक्षकांना खरोखर काही आजमावायचे असेल तर त्यांनी असे मधल्या फळीतील प्रतिस्पर्धी शोधावेत, जरी तेथे पैसे कमी मिळत असले तरी.

पुढे हे सामने घटण्याचीच शक्यता आहे. एलएसयू व ऑबर्न ज्यात खेळतात त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २०२६ पासून आपापसातील सामने आठवरून नऊ केले आहेत आणि एक सामना दुसऱ्या मोठ्या संघाशी खेळणे बंधनकारक ठेवले आहे. म्हणजे हंगामातील बारा सामन्यांपैकी जेमतेम दोन जागा मोकळ्या राहतात. त्यांतील एक घराजवळच्या एचबीसीयूला द्यावी, असे मी म्हणेन. एलएसयूला सदर्न शहरातच आहे आणि ऑबर्नला मॉन्टगोमेरीचे अलाबामा स्टेट तासाभरावर. करार करताना मात्र लहान विद्यापीठाने दोन कलमे आग्रहाने घालून घ्यावीत: तारीख आपल्या कॉन्फरन्सच्या सामन्यांवर येणार नाही, आणि संघात पुरेसे खेळाडू नसतील तर दंड न भरता माघार घेता येईल.