पुण्यातल्या आमच्या नाट्यसंस्थेच्या स्टॅटिक साइटवर झालेले प्रयोग ‘आगामी’मध्येच दिसत राहतात. रोज हाताने डिप्लॉय करावं (साइट नव्याने चढवावी) लागेल का?

नाही, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबची कामं आपोआप करणारी सोय) रोजचं शेड्यूल लावा, साइट आपोआप बिल्ड होऊन चढेल. स्टॅटिक साइटची पानं बिल्डच्या वेळीच तयार होतात; त्यामुळे ‘आज’ म्हणजे शेवटच्या बिल्डचा दिवस, आणि नवा बिल्ड होईपर्यंत जुना प्रयोग तिथेच राहतो. कोथरूडमधल्या एका वाचनालयाची साइट मी अशीच सांभाळतो. वर्कफ्लोला (अ‍ॅक्शन्सने करायच्या कामांची फाइल) दोन ट्रिगर द्या, म्हणजे तो कधी चालावा ते सांगा:

- मेन ब्रांचवर पुश झाल्यावर (कोडच्या मुख्य शाखेत बदल चढवल्यावर)
- रोज ठरावीक वेळी

वेळ लिहिताना बहुतेकांची चूक होते. शेड्यूल मुळात यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. पुण्यात पहाटे ५:४७ ला बिल्ड हवा असेल तर तास ० आणि मिनिट १७ लिहा. बरोबर तासाच्या ठोक्याला ठेवू नका, तेव्हा गर्दी असते आणि बिल्ड रखडतो. बिल्डच्या मशीनचं घड्याळही यूटीसीचंच असतं, म्हणून टाइमझोन एशिया/कोलकाता सेट कराच, नाहीतर मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचच्या आत पुश केलंत, तर त्या बिल्डमध्ये तारीख एक दिवस मागे राहील.

मात्र पब्लिक रेपॉझिटरीत (साइटचा कोड ठेवायची, सगळ्यांना खुली जागा) ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब हे शेड्यूल बंद करतं. पावसाळ्यात प्रयोग थांबले की तेवढं तपासा.