बीट पचले नाही, की जिरले?

बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली, तर 'बीट पचले नाही' असे म्हणणे बरोबर आहे का, आणि पचन, शोषण व चयापचय हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. बोलताना ते वाक्य खपून जाते. लिहिताना मात्र ते टाळावे.

'पचन' शब्दातल्या 'पच्' धातूचा मूळ अर्थ शिजवणे. शास्त्रीय अर्थ त्याहून नेमका आहे: अन्नातील मोठ्या रेणूंचे अन्नमार्गात लहान तुकडे होणे. अन्नमार्ग ही दोन्ही टोकांना उघडी असलेली नळी असल्यामुळे, पूर्ण पचलेले अन्नही आतड्याचे अस्तर ओलांडून रक्तात किंवा लसिकेत (लिम्फ या द्रवात) शिरेपर्यंत एका अर्थी शरीराबाहेरच असते. ते आत शिरणे म्हणजे शोषण. बीटाला लाल रंग देणारे बीटॅनिन लघवीत उतरले, याचाच अर्थ ते आधी रक्तात जाऊन मूत्रपिंडांपर्यंत पोहोचले होते. बहुतेकांच्या शरीरात हा रंग वाटेतच विघटित होतो. सुमारे १० ते १४ टक्के लोकांत तो टिकून बाहेर पडताना दिसतो. तेव्हा न मोडलेला रंग पाहून 'पचले नाही' म्हणणारा अगदीच चुकत नाही, पण रंगाचे जे झाले ते तो सगळ्या बीटावर लादतो.

'शोषण' म्हटल्यावर आज आधी पिळवणूकच आठवते. कदाचित म्हणूनच शास्त्रीय लेखनात 'अभिशोषण', 'अवशोषण' अशी रूपे आढळतात. मला स्वतःला 'जिरणे' अधिक भावते. पाणी जमिनीत जिरते, तेल त्वचेत जिरते, आणि न जिरलेल्या अन्नाचे 'अजीर्ण' होते. आत मुरण्याची आणि पचण्याची अशा दोन्ही छटा या एकाच क्रियापदात आहेत. (एखाद्याची 'जिरते' तेव्हा त्याचा तोराही असाच आत मुरत असावा.) अर्थात या दुहेरीपणामुळेच परिभाषेत ते अपुरे पडते.

'चयापचय' म्हणजे शरीरात पदार्थ रचण्या-मोडण्याच्या रासायनिक क्रिया. या शब्दात 'पचन' ऐकू येते, पण तो भास आहे. चय आणि अपचय यांचा तो संधी: चय म्हणजे रचणे, अपचय म्हणजे मोडणे, दोन्हींच्या मुळाशी 'चि' धातू, 'पच्' नव्हे. 'चयपचय' हे रूप म्हणूनच चुकीचे.

तिन्ही शब्दांची खरी कसोटी कांद्यातील क्वेर्सेटिन या वनस्पतिजन्य रंगद्रव्यावर लागते. कांद्यात ते ग्लुकोजच्या रेणूंशी जोडलेले असते. लहान आतड्याच्या अस्तरावरील एक विकर (एन्झाइम) ही साखर तोडते, मग क्वेर्सेटिन अस्तरातील पेशींत शिरते, आणि तिथेच, तसेच पुढे यकृतात, त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाते. साखर तुटणे हे पचन, आत शिरणे हे शोषण, नवी जोडणी हा चयापचय. त्यातला शेवटचा टप्पा शोषण चालू असतानाच सुरू होतो, म्हणून हे शब्द एकामागून एक येणाऱ्या पायऱ्यांची नावे आहेत असे समजू नये. क्वेर्सेटिनला रुटिनोज ही दुसरी साखर जोडलेली असेल, तर लहान आतड्याला ती सहसा तोडता येत नाही. ते काम मोठ्या आतड्यातील जिवाणू करतात. तिथे 'पचन' न म्हणता 'जिवाणूंनी केलेले विघटन' म्हणावे.

राहिला 'अंगी लागणे'. गाजरातील बीटा-कॅरोटिन आतड्याच्या अस्तरात दुभंगून त्यापासून जीवनसत्त्व अ तयार होते, त्याला हा वाक्प्रचार शोभतो. क्वेर्सेटिनला शोभत नाही, कारण शरीर त्याला परके मानते आणि त्याची जोडणी करते ती मुख्यतः त्याला लघवी किंवा पित्तावाटे बाहेर काढता यावे म्हणून. बीटाबद्दल लिहायचे असेल, तर 'बीटातला रंग न मोडता रक्तात जिरला आणि लघवीवाटे बाहेर पडला' असे लिहावे.