“दिवसभर काही खात नाही, मग रात्रीच असं का होतं?”

“मॅडम, दिवसभर मी नीट वागते. रात्री मात्र फ्रीजसमोर उभी राहून मिळेल ते खाते. माझ्यात निग्रहच नाही.” थोड्याफार फरकाने हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की त्यावर लिहायलाच हवं.

मेघना (नाव, तपशील बदलले आहेत) सव्वीस वर्षांची, डिझाइनचं काम करणारी. तीन डाएट करून मोडलेली. “जिभेवर ताबा नाही हिचा,” आई म्हणायच्या. रात्री पोट दुखेपर्यंत खाणं, मग रडणं, मग “उद्यापासून बंद म्हणजे बंदच.” मी विवेकनिष्ठ विचारसरणीने, म्हणजे ‘झालंच पाहिजे’ असे हट्टी विचार तपासत, समुपदेशन करते; त्यामुळे असा ‘च’ मला लगेच खटकतो. चार सत्रं आम्ही त्याच्यावरच घालवली. स्वतःला बोल लावणं कमी झालं, रात्रीचं खाणं तसंच राहिलं.

पाचव्या वेळी ती संध्याकाळी आली. पेन शोधताना बॅगेतून डबा निघाला. भरलेला.

“जेवली नाहीस?”

“अय्या, राहिलंच!”

“भूक नाही लागली?”

“लागली असेल. कामात असले की कळत नाही. एकदम रात्रीच कळतं.”

“असं आणखी काय काय राहून जातं?”

ती हसत सांगू लागली. वीजबिल, गॅसवरचं दूध, बसमध्ये राहिलेल्या छत्र्या. शाळेत दरवर्षी एकच शेरा: ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ सांगता सांगता आवाज बदलला. “मॅडम, हे आणि खाणं… एकच आहे का?”

चार सत्रं मी तिला रात्रीबद्दल विचारत होते. दुपारबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच भेटीत दुपारच्या जेवणाचं विचारते.

मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं निदान केलं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी, लहानपणापासूनची मेंदूची ठेवण. वर्गात धुडगूस घालणारं मूल लगेच नजरेत भरतं; खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी सुटून जाते. अशा व्यक्तीचं लक्ष कामात रुतलं की भुकेकडे ध्यान जात नाही. उपाशी शरीर रात्री वसुली करतं, आणि नेमका तेव्हाच हात आवरणं सर्वांत अवघड असतं. त्यात पुन्हा डाएट म्हणजे आगीत तेल.

म्हणून भुकेची वाट पाहू नका. दर तीन-चार तासांनी गजर लावून खा; डबा मैत्रिणीबरोबर उघडा. रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचा नाश्ता चुकवू नका. लक्षासाठीच्या बऱ्याच गोळ्यांनी दिवसा भूक मंदावते, तेव्हा खाण्याचा त्रास डॉक्टरांपासून लपवू नका. रात्री असं खाणाऱ्या प्रत्येकीला एडीएचडी असतो असं नाही. नुसत्या उपासमारीनेही हे होतं. पण आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने खाणं अनावर होत असेल, तर तो ‘बिंज इटिंग डिसऑर्डर’ म्हणजे अनावर खाण्याचा आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. खाऊन उलट्या काढत असाल तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मेघनाच्या रात्री हळूहळू शांत होत गेल्या. अधूनमधून एखादी बिघडते. मध्यंतरी आई भेटायला आल्या. “संकष्टी करते ती लहानपणापासून. करू देऊ का?”

“सध्या नको.”

त्या क्षणभर गप्प राहिल्या. “बरं. तिच्या वाटची मी धरते.”