गिर्यारोहकांची चरित्रं वाचायची आहेत, सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू?

सह्याद्रीत भटकता, आता मोठ्या गिर्यारोहकांबद्दल एखादं पुस्तक सुचवा, असं विचारलंत. एक नको, जोडी घ्या. नेत्याचं पुस्तक वाचलं की त्याच्याच दोरावरच्या दुसऱ्याने काय लिहिलंय तेही शोधायचं.

फ्रेंच मोहिमेचा नेता मोरिस हेर्झोगचं ‘अन्नपूर्णा’ (१९५१) घ्या. ३ जून १९५० ला तो आणि लुई लाशनाल माथ्यावर पोचले. आठ हजार मीटरवरचं शिखर माणसाने पहिल्यांदाच गाठलं. उतरताना सॅक उघडायला हेर्झोगने हातमोजे काढले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते, ते हातात चढवायचं त्याला सुचलंच नाही! बोटं गेली, पुस्तक हॉस्पिटलमध्ये तोंडी सांगून लिहवून घेतलं. हातातून सुटत नाही, पण त्यात सगळं भव्यदिव्य, फ्रान्सच्या गौरवासाठी वगैरे.

मोहिमेतल्या बाकीच्यांनी मात्र निघण्यापूर्वीच पाच वर्षं काही न छापण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. लाशनाल १९५५ मध्ये हिमभेगेत पडून गेला. त्याच्या नोंदी पुढच्या वर्षी आल्या, त्याही हेर्झोगच्या भावाने कात्री लावून. पूर्ण मजकूर यायला १९९६ उजाडलं. पाय गोठताहेत हे त्याला कळत होतं, मागे फिरायचं होतं. पण हेर्झोग एकटा गेला तर परत येणार नाही, म्हणून हा सोबत गेला. आल्प्समधल्या शामोनीचा गाईड तो, पायांवरच पोट. पायाची सगळी बोटं गमावली. फ्रेंच येत नसेल तर डेव्हिड रॉबर्ट्सचं ‘ट्रू समिट’ बघा, या वादावरच आहे.

तेनसिंगचं ‘मॅन ऑफ एव्हरेस्ट’ही तोंडी सांगितलेलंच, पण सूर अगदी गप्पांचा. १९५३ पेक्षा मला त्यातलं १९५२ आवडतं: स्विस गिर्यारोहक लँबर्टबरोबर एव्हरेस्टवर उंचावरच्या तंबूत रात्र काढलेली, स्लीपिंग बॅग नाही, स्टोव्ह नाही, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी. दोघांना एकमेकांची भाषाही धड येत नव्हती.

जो सिम्पसनचं ‘टचिंग द व्हॉइड’ सगळेच सुचवतील. चांगलंच आहे, सावकाश वाचा. त्याआधी इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनातीचं ‘द माउंटन्स ऑफ माय लाइफ’. के-टू शिखरावरच्या इटालियन मोहिमेत झालेल्या वादाची कागदपत्रं कंटाळवाणी वाटली तर खुशाल सोडा, पण ३० जुलै १९५४ ची रात्र, त्याने आणि हुंझाच्या हमाल महदीने तंबूविना उघड्यावर काढलेली, ती सोडू नका.