‘काही होत नाही गं’ म्हणण्याआधी

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका वाचकांनी लिहिलंय. पत्नी ५२ वर्षांच्या. आयुष्यातली पहिली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठीची एक्स-रे तपासणी, झाली आणि दहा-बारा दिवसांनी पत्र आलं की पुढच्या बुधवारी क्लिनिकला या, आणखी काही तपासण्या करायच्या आहेत. “तेव्हापासून ती रात्री दोनला उठते आणि फोन घेऊन जिन्यात बसते. मी म्हणतो, अगं काही होत नाही, उगाच टेन्शन घेतेस. ती रडत नाही, चिडत नाही, नुसतं ‘हो’ म्हणते आणि ओटा पुसायला लागते. सासूबाई सांगलीला आहेत, ७८ वर्षांच्या. त्यांना सांगायचं का? मी नेमकं काय करू?”

तुमचं पत्र वाचताना मला तो ओटा दिसला. सहा वर्षांपूर्वी मीही असाच पुसला होता. मलाही असंच पत्र आलं होतं आणि माझ्या घरातही सगळे प्रेमाने हेच म्हणत होते, काही होत नाही. माणसं हे वाक्य मायेपोटी बोलतात, यात शंका नाही. पण ऐकणारीला त्यातून एवढंच कळतं की हा विषय इथे संपला. मग ती जिन्यात जाऊन बसते, कारण घरात तेवढीच एक जागा उरते जिथे तिला कोणी गप्प करत नाही.

माझी नणंद एडिंबराला असते. तिने फोनवर मला एकच विचारलं, “वहिनी, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय?” मी तोंड उघडलं तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. मी आजाराचं बोललेच नाही. मी म्हटलं, ते लोक भराभर इंग्रजीत काहीतरी सांगतील, मला अर्धंच कळेल आणि मी मान डोलावून घरी येईन, याची भीती वाटतेय. मी वीस वर्षं इथे नोकरी करतेय, इंग्रजीत मीटिंगा घेते. पण माणूस घाबरला की आधी परकी भाषा जाते. भीतीला असं नाव मिळालं की तिच्यावर काहीतरी करता येतं. आम्ही दोघींनी तेव्हाच कागदावर मराठीत प्रश्न लिहून काढले.

तेव्हा आज रात्री त्या उठल्या की तुम्हीही उठा. दिवा लावू नका, समजावू नका. जिन्यात शेजारी बसा आणि विचारा. उत्तर लगेच येणार नाही, थांबा. कुणाला सुईची भीती असते, कुणाला अंगावरचे कपडे काढायची, कुणाला मुलांच्या परीक्षेच्या वर्षाची. तुमच्या पत्नीची कोणती, ते त्यांनाच ठाऊक. ती ऐकून घ्या आणि खोडून काढू नका. “मलाही भीती वाटतेय” असं तुम्हाला खरंच वाटत असेल तर तेही सांगा. नवरा खंबीर असला पाहिजे म्हणून आपल्याकडे पुरुष अशा वेळी दगड होऊन बसतात आणि बायकोला वाटतं, याला काहीच वाटत नाहीये.

आता आकड्यांबद्दल. इंग्लंडमध्ये ५० ते ७१ वयाच्या बायकांना दर ३ वर्षांनी ही तपासणी करायला बोलावतात. त्यातल्या १०० जणींपैकी साधारण ४ जणींना तुमच्यासारखं दुसरं पत्र येतं आणि त्या चौघींपैकी एकीला कॅन्सर निघतो, तिघींना नाही. पहिल्या खेपेला दुसरं पत्र येण्याचं प्रमाण थोडं जास्तच असतं, कारण तुलनेला जुने फोटो नसतात. तुमच्या पत्नीने हे सगळं रात्री दोनला वाचलेलं असणार आणि त्यांचं लक्ष त्या एकीवर खिळलेलं असणार. तिघींचं एकदा शांतपणे सांगा, पण ती एक नाहीच असं भासवू नका. अर्धं खरं सांगितलंत तर बुधवारी त्या तुमच्याकडे वळणार नाहीत.

काय होणार हे आधी माहीत असलं की निम्मी धडधड कमी होते, म्हणून सांगते. क्लिनिकमध्ये डॉक्टर किंवा नर्स हाताने तपासतात, बहुधा पुन्हा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करतात. गरज वाटली तर तेवढीच जागा बधिर करून सुईने छोटा तुकडा काढतात, म्हणजे बायोप्सी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगायला हवं. यात तीन-चार तास सहज जातात, त्यामुळे त्या दिवशी ऑफिसला पूर्ण सुट्टी टाका, ‘लंचपर्यंत येतो’ असं करू नका. बायोप्सी झाली तर रिपोर्टला आठवडा किंवा थोडे जास्त दिवस लागतात. झाली म्हणजे वाईटच, असं मात्र नाही.

त्या दिवशी डिओडरंट किंवा पावडर लावू नये, त्याचे कण फोटोत दिसू शकतात. कुर्ता-सलवार किंवा टॉप-पँट घालावी, म्हणजे वरचं तेवढंच काढावं लागतं. क्लिनिकच्या पत्रावर फोन नंबर असतो. दुभाषा हवा असेल तर आधी फोन करून मागा, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतः दुभाषे होऊ नका. बोलणं भाषांतर करून सांगताना नवरा नकळत ते मऊ करतो, आणि हातही धरायचा राहून जातो. कागद-पेन मात्र तुमच्याकडे ठेवा. फोटोत काय दिसलं, आज काय काय करणार, रिपोर्ट कधी आणि कसा कळणार, मधल्या दिवसांत फोन कुणाला करायचा, एवढं लिहून न्या आणि उत्तरं तिथेच उतरवून घ्या. क्लिनिकमध्ये यासाठीच एक खास नर्स असते, तिला विचारायला संकोचू नका. ब्रेस्ट कॅन्सर नाऊ या संस्थेची हेल्पलाइनही आहे, तिथे नर्स बोलतात. रात्रीच्या गूगलपेक्षा दिवसाची ती दहा मिनिटं कितीतरी बरी.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक गोष्ट. तिथे २०२१पासून रिपोर्ट बहुधा डॉक्टरांच्या फोनआधीच हॉस्पिटलच्या ॲपवर येऊन पडतो. तो कोणी, कधी आणि कुणासोबत बसून उघडायचा, हे घरात आधी ठरवा. शुक्रवारी रात्री एकट्याने उघडलेला रिपोर्ट काय करतो, हे मी फार जणींकडून ऐकलंय.

आता सांगली. सासूबाईंना सांगायचं का, हे तुम्ही किंवा मी नाही, तुमच्या पत्नी ठरवणार. त्यांनी नको म्हटलं तर तो शब्द पाळा, अगदी मेव्हण्यालाही सांगू नका, कारण तिथून ते तासाभरात आईपर्यंत पोचतं. पण त्यांना एक विचारा: न सांगता रोजचा व्हिडिओ कॉल झेपेल का? आई चेहरा वाचते. नाही झेपला तर आठवडाभर साधा फोन करा, किंवा कॉल तुम्ही घ्या.

यात एक अडचण आहे आणि ती आपल्या घरांमधली जुनी आहे. क्लिनिकमध्ये विचारतील, घरात कुणाला कॅन्सर होता का, कोणत्या नात्यात, कोणत्या वयात. आणि आपल्याला माहीतच नसतं. माझी एक मावशी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. मोठी माणसं ‘गाठ होती’ एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. गाठ कुठे, कसली, हे मला पुढे पंचवीस वर्षांनी कळलं, तेही क्लिनिकचा फॉर्म भरताना मामेबहिणीला फोन केला म्हणून. आमच्या घरात त्या आजाराचं नाव घेतलं की तो येतो, असंच जणू सगळे वागत होते. तुमच्या पत्नीलाही आत्ता अशा एखाद्या मामेबहिणीकडे चौकशी करता येईल, आईला न घाबरवता. आणि सगळं पार पडलं की आईशीही बोलावं. ७८ वर्षांच्या बाईने आयुष्यात पुष्कळ पाहिलेलं असतं. आपण समजतो तितक्या त्या हळव्या नसतात.

घरात मूल असेल तर त्यालाही दोन वाक्यांत खरं सांगा: आईची एक तपासणी आहे, अजून काही निघालेलं नाही, कळलं की तुला सांगू. दाराआडची कुजबुज मुलांना जास्त घाबरवते. आणि कुणी नवस बोललं तर बोलू द्या. गोमूत्राचे, कारल्याच्या रसाचे फॉरवर्ड मात्र तुमच्या फोनवरच थांबवा, पत्नीपर्यंत जाऊ देऊ नका.

शेवटी एक छोटीशी गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. फोटो काढताना गळ्यातलं सगळं काढायला लावतात. मी मंगळसूत्र काढलं आणि ते ठेवायला जागाच सापडेना. कागदी ट्रेमध्ये ठेवायला हात धजेना. बाहेर येऊन नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने ते रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तीन तास खिशावरचा हात काढला नाही. परत घालताना माझी बोटं थरथरत होती, हूक लागेना. त्यालाही लावता येईना, कारण त्याने ते आधी कधी लावलंच नव्हतं. तुम्ही मंगळवारी रात्री घरी एकदा लावून बघा.